पळसाला पाने तीनच. पण फुले कोणत्या तारखेला?

जपानला जाऊन चेरीचा बहर पहायचा असेल, तर प्रवासाचे तिकीट कोणत्या तारखेचे काढावे? वरवर पाहता हा प्रश्न प्रवासी कंपनीने सोडवावा असा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण बाराशे वर्षांच्या इतिहासात, पंचांगाच्या गणितात आणि वनस्पतिशास्त्रात जाऊन पोचतो. शिवाय भिवापूरसारख्या गावातील शिक्षकालाही अगदी असाच प्रश्न दरवर्षी पडतो. मुलांना पळस पहायला रानात केव्हा न्यावे?

अडचण अशी आहे की चेरीचा बहर फार थोडे दिवस टिकतो. पहिली फुले उमलल्यापासून साधारण आठवड्याभरात झाड पूर्ण फुलते आणि त्यानंतर आठवड्याभरातच पाकळ्या गळून जातात. मध्येच वारा-पाऊस झाला तर त्याहूनही लवकर. टोकियोत २०२३ साली पहिली फुले १४ मार्चला उमलली, तर २०२४ साली २९ मार्चला. दोन लागोपाठच्या वर्षांत पंधरा दिवसांचा फरक! परदेशप्रवासाची तयारी मात्र दोन-तीन महिने आधीपासून करावी लागते. आदल्या वर्षीची तारीख धरून जाणाऱ्याच्या वाट्याला एकतर बंद कळ्या येतात, नाहीतर जमिनीवरचा पाकळ्यांचा सडा.

आता भिवापूरकडे वळू. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे हे तालुक्याचे गाव मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. नागपूरहून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज गाडी उमरेड, भिवापूर अशी थांबत जाई. रूळ रुंद करण्यासाठी २०१९ साली ती बंद झाली. याच परिसरात २०१२ साली उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. पानगळीचे हे रान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडेबोडके होते आणि त्यातच पळस पेटल्यासारखा फुलतो. गावात कोणालाही विचारा, पळस केव्हा फुलतो? उत्तर येते, ‘होळीच्या सुमाराला.’

उत्तर चुकीचे नाही, पण होळी तरी कोणत्या तारखेला असते? २०२३ साली होळी पौर्णिमा ६ मार्चला होती, २०२४ साली ती २४ मार्चला आली. म्हणजे येथेही अठरा दिवसांचा फरक. टोकियोतला पंधरा दिवसांचा फरक झाडाने केलेला आहे. आपल्याकडचा अठरा दिवसांचा फरक पंचांगाने केलेला आहे. निसर्गाची नोंद करू पाहणाऱ्याला या दोन फरकांची फोड करता आली पाहिजे. जपानमध्ये ती कशी केली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

दरबारी रोजनिशा

फुले पहायला जाण्याला जपानी भाषेत ‘हानामी’ म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि मी म्हणजे पाहणे. आठव्या शतकापर्यंत जपानच्या दरबारात चिनी वळणाप्रमाणे ‘उमे’ या जर्दाळूच्या जातकुळीतील झाडाच्या फुलांचे कौतुक अधिक होते. ७९४ साली राजधानी आजच्या क्योतो शहराच्या जागी आली आणि पुढील काही दशकांत उमेची जागा चेरीने घेतली. सम्राट सागा याने ८१२ साली क्योतोतील शिन्सेन-एन या उद्यानात फुलांची मेजवानी दिली, अशी नोंद आहे. क्योतोच्या चेरीची ही सर्वांत जुनी उपयुक्त तारीख मानली जाते.

त्यानंतर सम्राट, सरदार, अधिकारी आणि मठांतील भिक्षू यांच्या रोजनिशांत अशा नोंदी येत राहिल्या. अमुक दिवशी अमुक मंदिरात फुले पहायला गेलो, फुले ऐन बहरात होती, काव्यवाचन झाले, मद्यपान झाले, इतकेच. हवामानाची नोंद ठेवतो आहोत अशी कल्पना त्यांच्यापैकी एकाच्याही मनात नव्हती. ते सहलीची हकिकत लिहीत होते.

यांतील सर्वांत गाजलेली सहल तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाची. त्याने क्योतोजवळील दाइगो मंदिराच्या आवारात सातशे चेरीची झाडे लावून घेतली आणि १५९८ सालच्या वसंतात सुमारे १३०० माणसांचा लवाजमा घेऊन तेथे उत्सव केला. त्याच वर्षी तो वारला. पुढे अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनाने एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, आसुकायामा आणि सुमिदा नदीच्या काठी सर्वसामान्य लोकांसाठी चेरी लावली आणि हानामी दरबारातून रस्त्यावर आली.

या जुन्या नोंदींचा उपयोग हवामानाचा इतिहास लिहिण्यासाठी होईल, हे विसाव्या शतकात लक्षात आले. जपानी हवामानशास्त्रज्ञ हिदेतोशी अराकावा यांनी १९५० च्या दशकात क्योतोच्या बहराच्या तारखांची यादी प्रसिद्ध केली. नंतर ओसाकातील विद्यापीठातील यासुयुकी आओनो यांनी जुन्या रोजनिशा आणि बखरी धुंडाळून ही मालिका खूपच वाढवली. त्यांच्या मालिकेत ८१२ सालापासून आजपर्यंतच्या आठशेहून अधिक वर्षांच्या तारखा आहेत. एकाच गावात, मुख्यतः एकाच जातीच्या, यामाझाकुरा नावाच्या डोंगरी चेरीच्या बहराच्या या तारखा आहेत. जगात इतकी लांब आणि सलग म्हणावी अशी फुलांची दुसरी नोंद सापडणे कठीण आहे.

तिथीची तारीख करताना

या कामातील पहिली पायरी आपल्याला अगदी घरची वाटेल अशी आहे. जपानमध्ये १ जानेवारी १८७३ पासून आजची इंग्रजी कालगणना सुरू झाली. त्याआधी तेथेही चंद्रावर चालणारे आणि सूर्याशी मेळ घालणारे पंचांग होते. महिना अमावास्येला सुरू होई, पंधरावा दिवस पौर्णिमेचा. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे भरते, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी. ही तूट साचत जाऊन ऋतू महिन्यांपासून निसटू नयेत म्हणून तेथेही १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घालत. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक मास. त्यांच्याकडेही सूर्याने ठराविक टप्पा न ओलांडलेला महिना अधिक धरत. टप्पे मोजण्याचे बिंदू वेगळे, तत्त्व एकच.

त्यामुळे ‘तिसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी बहर’ अशा नोंदी जशाच्या तशा एकाखाली एक मांडल्या, तर त्यांचा आलेख महिनाभर पुढे-मागे नाचताना दिसेल. हिदेयोशीची दाइगोची सहल नेमकी तिसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी झाली. आजच्या कालगणनेत ती तारीख २० एप्रिल १५९८ होते. अशी प्रत्येक नोंद सौर तारखेत आणल्यावरच झाड खरोखर लवकर फुलले की उशिरा, हे बोलता येते.

आपल्याकडे असे रूपांतर करण्याची साधने शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत, आणि ती तयार करण्यात एका मराठी शिक्षकाचा मोठा वाटा आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी केलेला तिथी आणि इंग्रजी तारखांच्या मेळाचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. मराठी दप्तरांतील कागदांच्या तारखा ठरवणाऱ्या इतिहाससंशोधकांना अशा कोष्टकांवाचून पाऊल टाकता येत नसे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देण्याजोगी आहे. आपल्या शेतकऱ्याला ही अडचण फार पूर्वी कळली होती. सण त्याने तिथीवर ठेवले, पण पेरणी मात्र सूर्याच्या नक्षत्रावर ठेवली. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दिवस आजकाल दरवर्षी ७-८ जूनलाच येतो; तो अधिक मासामुळे हलत नाही. मराठेशाहीच्या कारभारात वापरला जाणारा सुहूर सन याच मृगाच्या सुमारास बदले, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेले आपले राष्ट्रीय पंचांगही सौर आहे. तेव्हा ‘पळस होळीला फुलतो’ यापेक्षा ‘पळस राष्ट्रीय फाल्गुनाच्या अमुक दिनांकाला फुलला’ हे विधान विज्ञानाच्या दृष्टीने कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

एक झाड, लाखो कलमे

आज जपानभर दिसणारी फिकट गुलाबी चेरी बहुतांशी ‘सोमेई-योशिनो’ या जातीची आहे. ती फार जुनी नाही. एदोच्या कडेला सोमेई नावाचे माळ्यांचे गाव होते. तेथून ती एकोणिसाव्या शतकात पसरली. एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींचा हा संकर आहे. पाने येण्याच्या आधी सारे झाड फुलांनी भरून जाते, म्हणून ती लोकप्रिय झाली.

या झाडाचे स्वतःच्याच परागांनी फळ धरत नाही, आणि दुसऱ्या जातीचे पराग मिळून बी धरले तर रोप वेगळेच निपजते. म्हणून सोमेई-योशिनोची लागवड फक्त कलमांनी होते. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, तसेच हे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षणातून असे दिसले की ठिकठिकाणची ही झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच आहेत. लाखो झाडे, पण एकाच झाडाच्या जणू फांद्या.

यातून दोन गोष्टी साधतात. पहिली, एका गावातील सारी झाडे जवळजवळ एकदमच फुलतात, म्हणून दृश्य विलक्षण दिसते. दुसरी गोष्ट शास्त्राच्या सोयीची आहे. झाडे एकसारखी असल्याने फुलण्याच्या वेळेत जो फरक पडतो, तो हवेमुळे पडतो असे म्हणता येते. झाड म्हणजे एक उपकरणच होते. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर अशी नमुन्याची झाडे ठरवून नोंदी ठेवल्या आहेत. टोकियोचे नमुन्याचे झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. कर्मचारी प्रत्यक्ष जाऊन फुले मोजतो. पाच-सहा फुले उमललेली दिसली की ‘बहर सुरू’ आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की ‘पूर्ण बहर’ जाहीर होतो. व्याख्या इतकी स्पष्ट असल्यामुळे माणूस बदलला तरी नोंद बदलत नाही.

अंशांची बेरीज

तारखेचा अंदाज मात्र आधी सांगता आला पाहिजे. प्रवाशाला तोच हवा असतो. त्यामागील कल्पना युरोपातली आणि जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ साली असे सुचवले की पिकाची वाढ ही दिवसांपेक्षा त्या दिवसांच्या तापमानाच्या बेरजेवर अवलंबून असते. त्याच सुमारास, १७३६ पासून, इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम हा जमीनदार पालवी, फुले आणि पक्ष्यांचे आगमन यांच्या तारखा टिपू लागला. त्याच्या वंशजांनी हा क्रम १९५८ पर्यंत चालवला. सजीवांच्या ऋतुमानानुसार येणाऱ्या घटनांचा असा अभ्यास करणाऱ्या शाखेला पुढे फेनॉलॉजी हे नाव मिळाले.

चेरीची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि मग झोपी जाते. ती जागी होण्यासाठी आधी काही काळ थंडी मिळावी लागते, आणि जागी झाल्यावर उमलण्यासाठी ऊब. टोकियोसाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. १ फेब्रुवारीपासून रोजचे सरासरी तापमान बेरजेत घेत जावे. बेरीज ४०० अंशांच्या जवळ आली की फुले उमलतात. रोजचे कमाल तापमान घेतले तर ही बेरीज ६०० धरतात.

हे गणित आठवीच्या वर्गातही करून पाहता येईल. टोकियोचे फेब्रुवारीचे सरासरी तापमान ६.१ अंश सेल्सिअस. २८ दिवसांची बेरीज झाली १७०.८. उरले २२९.२. मार्चचे सरासरी तापमान ९.४ अंश, २२९.२ ला ९.४ ने भागले की २४.४ येतात. म्हणजे फुले २४-२५ मार्चला. टोकियोची १९९१ ते २०२० या काळातील सरासरी तारीख २४ मार्च आहे! आता मार्च महिना दोन अंशांनी गरम धरा. २२९.२ ला ११.४ ने भागल्यास २०.१ येतात, बहर चार दिवस अलीकडे सरकतो.

अर्थात हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. हिवाळा फार उबदार गेला तर कळीला पुरेशी थंडी मिळत नाही, तिची झोप नीट मोडत नाही, आणि दक्षिण जपानात बहर उलट लांबतो. प्रत्यक्ष अंदाज संगणकावर, अधिक बारकाईने काढतात. तरीही २००७ साली संगणकातील चुकीमुळे टोकियोसह चार ठिकाणांचा अंदाज चुकला आणि हवामान खात्याला जाहीर माफी मागावी लागली. फुलांच्या तारखेसाठी सरकारी खाते माफी मागते, यावरून तेथे या गोष्टीला किती महत्त्व आहे हे कळावे. २०१० नंतर हे अंदाज खासगी संस्था देतात. खाते फक्त प्रत्यक्ष बहराची नोंद करते.

प्रवाशासाठी निष्कर्ष असा. टोकियोत पूर्ण बहराची सरासरी तारीख ३१ मार्च, क्योतोत ४ एप्रिल, उत्तरेकडे साप्पोरोत ५ मे. बहराची ही आघाडी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. एकाच गावी मुक्काम ठोकण्यापेक्षा उत्तर-दक्षिण हलता येईल असा बेत आखला, तर चार दिवसांची चूक प्रवासाने भरून काढता येते.

बाराशे वर्षांचा आलेख

क्योतोच्या मालिकेकडे पुन्हा पाहू. तारखा पुढे-मागे होत असल्या तरी शतकानुशतके त्या एप्रिलच्या मध्याच्या आसपास राहिल्या. सर्वांत उशिराची नोंद १३२३ सालची, ४ मे. फार लवकरची एक नोंद १४०९ सालची, २७ मार्च. या मालिकेतून आओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्योतोच्या मार्च महिन्याच्या तापमानाचा इतिहास उभा केला. तापमापी सतराव्या शतकात वापरात आली. त्याआधीची आठशे वर्षे येथे झाडांनी सांगितली.

आलेखाची रेघ एकोणिसाव्या शतकानंतर खाली, म्हणजे लवकरच्या तारखांकडे, वळू लागते. २०२१ साली क्योतोत २६ मार्चला पूर्ण बहर आला आणि १४०९ सालचा विक्रम मोडला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवले आहे की जागतिक तापमानवाढ आणि शहराची स्वतःची वाढलेली ऊब मिळून क्योतोचा बहर सुमारे ११ दिवसांनी अलीकडे आला आहे. देशभरच्या १९५३ पासूनच्या नोंदींतही बहर दर दशकाला एक दिवसाहून थोडा अधिक अलीकडे सरकताना दिसतो.

१४०९ साली कोणी एकाने सहल केली आणि ती लिहून ठेवली, म्हणून आज आपण ‘विक्रम मोडला’ असे म्हणू शकतो. लिहिले नसते तर २०२१ सालची तारीख नुसती ‘यंदा जरा लवकर’ एवढीच राहिली असती.

ही रीत भिवापुरात चालेल का?

जशीच्या तशी नाही. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण पानांपुरती खरी आहे. फुलांच्या वेळेला ती लागू पडत नाही. पळस बियांपासून उगवतो. त्याचे परागण सूर्यपक्ष्यासारखे पक्षी आणि काही ठिकाणी खारीही करतात, आणि त्यातून दर झाड थोडे निराळे होते. एकाच बांधावरचे दोन पळस आठवड्याच्या अंतराने फुललेले कोणीही पाहिले असतील. म्हणून एका झाडावर भिस्त ठेवता येणार नाही. अनेक झाडे घ्यावी लागतील.

दुसरे असे की पळसाला ४०० अंशांची बेरीज लावण्यात अर्थ नाही. थंड प्रदेशातील झाडाला थंडी-ऊब महत्त्वाची, तर आपल्यासारख्या कोरड्या पानगळीच्या रानात पाण्याचे गणित महत्त्वाचे ठरते. मध्य अमेरिकेतील कोस्टारिकाच्या कोरड्या जंगलात रॉल्फ बोर्चर्ट यांनी दाखवले की पाने गळाली की झाडाचे बाष्पीभवन कमी होते, खोडात पुन्हा पाणी भरते आणि मग कळ्या वाढतात. संत्र्याच्या बागाइतदाराला हे तत्त्व अनुभवाने माहीत आहे. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची आणि मग पाणी देऊन बहर धरायचा. तेव्हा पळसाच्या नोंदीबरोबर तापमानाइतकीच पावसाची आणि पानगळीची नोंद हवी.

पळस आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे याचे पुरावे पुष्कळ. पळसगाव नावाची गावे विदर्भात अनेक आहेत. १७५७ साली जेथे लढाई होऊन बंगालचे भवितव्य ठरले, त्या पलाशी गावाचे नावही याच झाडावरून पडले. पत्रावळी, द्रोण, लाख, रंग, सगळ्यांसाठी पळस वापरला गेला. परंतु गावाच्या नावातून झाड कळते, तारीख कळत नाही. वनस्पतींच्या ग्रंथांतून महिना कळतो, दिवस कळत नाही. ‘पूर्वी पळस एवढ्या लवकर फुलत नसे’ असे एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे ठरवायला क्योतोच्या रोजनिशीसारखा कागद हाती असावा लागतो.

शाळेने काय करावे

काम सोपे आहे, खर्च जवळजवळ नाही. शाळेच्या आसपासचे अकरा पळस निवडावेत. खिळे न ठोकता, सुतळीने पत्र्याचे किंवा लाकडाचे क्रमांक बांधावेत. जानेवारीच्या सुरुवातीपासून दर तिसऱ्या दिवशी, शक्यतो एकाच वेळी, दोन विद्यार्थ्यांनी फेरी मारावी. प्रत्येक झाडासाठी पाच तारखा लिहाव्यात: बहुतेक पाने गळाली तो दिवस, पहिल्या कळ्या दिसल्या तो, पाच फुले उमललेली दिसली तो, निम्म्याहून अधिक कळ्या उमलल्या तो, आणि नवी पालवी दिसली तो. जपानी खात्याप्रमाणे व्याख्या वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवाव्यात आणि मध्येच बदलू नयेत.

अकरा झाडांच्या तारखा क्रमाने मांडून सहाव्या क्रमांकाची तारीख त्या वर्षाची म्हणून घ्यावी. एखादे झाड फारच लवकर किंवा उशिरा फुलले तरी ही मधली तारीख ढळत नाही. सरासरी आणि मध्यक यांतील फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तारीख इंग्रजी आणि राष्ट्रीय सौर दोन्ही लिहावी. शेजारी तिथीही लिहावी, म्हणजे काही वर्षांत होळी आणि पळस यांची चुकामूक मुलांना आपोआप दिसेल. झाड तुटले तर तेही लिहावे आणि नव्या झाडाला नवा क्रमांक द्यावा. देशपातळीवर ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून शाळांकडून झाडांच्या अशा नोंदी गोळा करतो आहे. आपल्या वहीची प्रत तेथेही देता येईल.

एक इशारा मात्र द्यायला हवा. अशा वहीतून दोन-चार वर्षांत निष्कर्ष काढू नयेत. जपानात बहर दशकाला दिवसभराने सरकतो, पण लागोपाठच्या दोन वर्षांत तो पंधरा दिवसांनीही मागे-पुढे होतो. इतक्या गोंगाटातून इतका बारीक आवाज ऐकायचा, तर तीस वर्षांच्या नोंदी तरी लागतात. हवामानशास्त्रही ‘सरासरी’ म्हणून तीस वर्षांचाच काळ धरते. तीस वर्षे म्हणजे साधारण एका शिक्षकाची पूर्ण नोकरी. पण शिक्षकांच्या बदल्या होतात. म्हणून ही वही शिक्षकाची नव्हे, शाळेची असली पाहिजे. हजेरीपटाप्रमाणे ती एकाने दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची दप्तरातली वही असली पाहिजे.

नोंदी तुटायला वेळ लागत नाही, याचे उदाहरण खुद्द जपानमध्येच आहे. तेथील हवामान खाते चेरीबरोबर इतर अनेक वनस्पती आणि प्राणी, अशा ५७ जातींच्या ऋतुनोंदी ठेवत असे. २०२१ च्या जानेवारीपासून त्यांतील केवळ सहा वनस्पती ठेवून बाकी सगळ्या नोंदी, प्राण्यांच्या तर साऱ्याच, बंद करण्यात आल्या. शहरांत ती झाडे आणि तो पशुपक्षी खात्याच्या कार्यालयाजवळ सापडेनासे झाले, हे एक कारण. तेव्हा संशोधनसंस्था आणि हौशी नागरिक पुढे आले आणि त्यांनी निरीक्षणे पुढे चालवण्याचे काम हाती घेतले. बाराशे वर्षांची परंपरा असलेल्या देशातही नोंद टिकते ती कोणीतरी रोज जाऊन पाहतो म्हणून.

भिवापूरच्या शाळेला पहिल्या वर्षी या वहीतून एकच गोष्ट मिळेल: सहलीला केव्हा निघावे, हे कळ्यांकडे पाहून आठवडाभर आधी सांगता येईल. बाकीचे उत्तर आज पाचवीत असलेल्या मुलांची मुले वाचतील. त्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर गाव, झाडाचा क्रमांक आणि तारीख, एवढ्या तीन गोष्टी येत्या जानेवारीत लिहिल्या गेल्या पाहिजेत.